राजी तर आहोत, पण खुशी आहे का?



उधळ्या पुत्राचा दाखला आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. प्रायश्चित्तकाळ आला की तो कानावर पडतोच. पण हाच दाखला जुन्या इंग्रजी बायबलमधून वाचायला घेतला, की आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले एका शब्दापाशी अडतात. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, सोळावी ओवी. मुलगा डुकरे चारतो आहे, पोटात आग पडली आहे, आणि डुकरांपुढच्या शेंगा मिळाल्या तरी चालतील असे त्याला झाले आहे. तिथे १६११ सालच्या किंग जेम्स भाषांतरात ‘फेन’ असा एक शब्द आहे. आजच्या इंग्रजीत तो कोणी बोलत नाही, इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही शिकवत नाहीत. आपल्या मराठीत फेन म्हणजे फेस. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

मुलांना अर्थ सांगायला सोपा आहे. ‘फेन’ म्हणजे आनंदाने, खुशीने, मनापासून. एवढे सांगून वर्ग पुढे नेता येतो. पण आम्हांला वाटते, या शब्दापाशी मोठ्यांनीही थोडे थांबावे. देवाच्या कामाला आपण ‘हो’ म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, हा प्रश्न या शब्दात दडलेला आहे. आपल्यासारख्या लहान मराठी मंडळ्यांमध्ये तो आज नुसता पुस्तकी प्रश्न राहिलेला नाही.

शब्द कसा घसरला

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सरळ होता : आनंदित, हर्षित. पुढे ‘एखादी गोष्ट करायला आनंदाने तयार’ असा अर्थ आला. मग तो सरकू लागला. ‘दुसरे काही मिळत नाही, तेव्हा एवढ्यावर खूश’ असे झाले आणि त्यापुढे ‘नाइलाजाने करावे लागले’ इथपर्यंत मजल गेली. ज्या शब्दात एके काळी हसू होते, त्यातच लाचारीही येऊन बसली. अखेरीस ‘करायला फार आवडले असते’ एवढ्या अर्थाने तो पुस्तकांत उरला आणि बोलण्यातून गेला.

किंग जेम्स भाषांतरात हा शब्द दोनच ठिकाणी आहे. एक हा दाखला. दुसरे ठिकाण ईयोबाच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय, जिथे दुष्ट माणूस देवाच्या हातून निसटू पाहतो. १८८१ साली इंग्रजी नव्या कराराची सुधारलेली आवृत्ती निघाली, तिच्यात तो आणखी काही ओव्यांत आला. हेरोद येशूचा जीव घेऊ पाहतो तिथे, आणि प्रेषितांच्या कृत्यांत अग्रिप्पा राजा बंदिवान पौलाला म्हणतो की एवढ्यात तू मला ख्रिस्ती करू पाहतोस, तिथेही. म्हणजे भुकेला मुलगा, पळू पाहणारा दुष्ट, खुनी हेरोद आणि सुवार्ता सांगणारा पौल, या सगळ्यांच्या मनाच्या ओढीला एकच शब्द लागला. ओढ असणे एवढ्यानेच माणूस चांगला ठरत नाही, ही पहिली गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. ओढ कशाची आहे आणि ती मोकळी आहे की बांधलेली, हेही पाहावे लागते.

पुढच्या भाषांतरकारांनी ‘फेन’ काढून टाकला. १९४६ सालच्या एका प्रसिद्ध इंग्रजी नव्या करारात त्याच ओवीत ‘ग्लॅडली’, म्हणजे आनंदाने, असा शब्द आहे. त्यानंतरच्या काही भाषांतरांत ‘तळमळत होता’ अशा अर्थाचा शब्द येतो. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्ही अर्धे आहेत. शेंगा मिळाल्या असत्या तर त्याला आनंदच झाला असता, हे खरे. पण तो आनंद कसला? उपाशी माणसाला शिळ्या तुकड्याचा होतो तसला. त्याची इच्छा त्याची स्वतःची नव्हतीच, ती त्याच्या पोटाची होती. ‘फेन’ या एकाच शब्दात आनंद आणि नाइलाज दोन्ही होते, म्हणून तो त्या ओवीत इतका नेमका बसला होता.

याच अर्थाचा दुसरा एक जुना इंग्रजी शब्द आहे ‘लीफ’. त्याचा मूळ अर्थ ‘प्रिय’, आणि पुढे ‘खुशीने’. इंग्रजीत प्रीतीला जो शब्द आहे तो त्याच घराण्यातला, आणि विश्वास ठेवण्याला जो शब्द आहे तोही. भाषेचे जाणकार सांगतात की संस्कृतातला ‘लुभ्’ हा धातूही याच मुळाचा. म्हणजे आपला ‘लोभ’ त्यांचा दूरचा भाऊबंद. ऐकून आधी दचकायला होते, कारण लोभ हे सात प्रमुख पापांपैकी एक म्हणून आम्ही मुलांना शिकवतो. पण आपल्या आजीआजोबांची पत्रे काढून पाहा. शेवटी काय लिहिलेले असे? ‘लोभ असावा’. तिथे तो शब्द माया होऊन येतो. तीच ओढ माणसाकडे वळली की माया होते आणि पैशाकडे वळली की पाप.

आपल्याकडचे शब्द

इंग्रजीच्या शब्दांवर बोलणे सोपे. आता आपल्या घरात पाहू.

‘तयार’ आणि ‘राजी’ हे दोन शब्द आपण रोज वापरतो. ‘तयार आहे’ म्हणजे कपडे घालून दारात उभा आहे; मनाचे काय, ते त्यात नाही. ‘राजी आहे’ म्हणजे हरकत नाही. मुलगी लग्नाला राजी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याआधी तिची समजूत घालावी लागलेली असते. म्हणून तर भाषेने ‘राजी’ला ‘खुशी’ जोडून दिली आणि ‘राजीखुशी’ असा जोडशब्द केला. जुन्या दस्तऐवजात लिहून देणारा हटकून सांगतो की हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्या दबावाशिवाय लिहून देत आहे. नुसते राजी असणे पुरत नाही, हे गावच्या दस्तलेखकालाही ठाऊक होते.

‘राजीनामा’ हा शब्द तर या बाबतीत पाहण्यासारखा आहे. त्याचा मूळ अर्थ संमतीचा कागद. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या बांधवांना हे लगेच कळेल, कारण हिंदीत कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे आजही दोन्ही पक्षांनी मान्य केलेली तडजोड. आपल्या मराठीत मात्र राजीनामा म्हणजे काम सोडल्याचा कागद. राजी होण्याचा कागद निघून जाण्याचा कागद झाला. ‘फेन’ जसा आनंदाकडून नाइलाजाकडे गेला, तसाच काहीसा हा प्रवास. आम्हांला कधी कधी वाटते की आमच्या समित्यांचा इतिहासही या एका शब्दात मावेल.

आणि एक शब्द आपल्याकडे आहे, ज्याला इंग्रजीत नीट जोड सापडत नाही : भीड. भिडेपोटी माणूस ‘हो’ म्हणतो. त्याला कोणी धमकावलेले नसते. फक्त समोर फादर उभे असतात, किंवा मावशी असतात, किंवा मिस्सा संपल्यावर अख्खे देऊळ पाहत असते. ‘नाही’ म्हणायला जीभ उचलत नाही. ही भीड आपल्या समाजात सौजन्य म्हणून चालते. पण देवाच्या कामात तिच्यामुळे फार नुकसान झाले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘हौस’ हा शब्द मात्र आपण देवळात वापरायला बिचकतो. हौस म्हणजे नटणेमुरडणे, लग्नातला बँड, असे आपल्याला वाटते. तरी हौसेला मोल नाही असे आपणच म्हणतो. नाताळचा गोठा रात्र रात्र जागून बांधणारी पोरे पाहा. त्यांना कोणी नेमलेले नसते, त्यांच्या नावाची घोषणा होत नाही. ‘फेन’चा पहिला, न घसरलेला अर्थ मराठीत शोधायचा झाला तर आम्ही तो ‘हौसेने’ या शब्दात शोधू.

वेठ आणि दुसरा कोस

पवित्र शास्त्रात खुशीचा प्रश्न जागोजागी आहे. कुरेनेकर शिमोनाला सैनिकांनी क्रूस वाहायला लावला, त्याला मराठीत नेमका शब्द आहे : वेठीस धरले. ग्रीकमधले क्रियापदही तसेच आहे. सरकारी कामासाठी रस्त्यावरच्या माणसाला किंवा जनावराला धरून नेण्याचा तो शब्द, मूळ इराणी राजवटीच्या डाकव्यवस्थेतून आलेला. डोंगरावरच्या प्रवचनात येशू तेच क्रियापद वापरतो. कोणी तुला एक मैल वेठीस धरले तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, अशी ती शिकवण. पहिला मैल सैनिकाचा, त्याला राजी व्हावेच लागते. दुसरा मैल मात्र कोणी मागितलेला नाही. तो चालणाऱ्याचा स्वतःचा. येशूने वेठ रद्द केली नाही, त्याने वेठीच्या पुढे एक मोकळी वाट दाखवली. त्या दुसऱ्या मैलावर माणूस गुलाम राहत नाही.

पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्र वाचा, एका पानाचे आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास पौलापाशी येऊन ख्रिस्ती झाला आहे. पौल त्याला आपल्याजवळ ठेवून घेऊ शकला असता. प्रेषित या नात्याने हुकूमही सोडू शकला असता. पण तो म्हणतो की तुझ्या संमतीवाचून मला काही करायचे नाही. तुझे चांगले कृत्य जबरीचे नव्हे, खुशीचे असावे. एवढ्या मोठ्या प्रेषिताने समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवली. आपल्यापैकी किती जण काम मागताना एवढी जागा ठेवतात?

करिंथकरांना तो वर्गणीबद्दल लिहितो तेव्हाही तेच. ज्याने त्याने मनात ठरवले तसे द्यावे, कुरकुरत नको, भाग पडते म्हणून नको. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्या दात्याला तिथे जे ग्रीक विशेषण आहे, त्याचा अर्थ हसतमुख. त्याच्या आधीच्या अध्यायात तो हेही सांगतो की उत्सुकता असली की माणसापाशी जे आहे त्यावरून ती मान्य होते, नाही त्यावरून नव्हे. गरिबाची उत्सुकता श्रीमंताच्या रकमेपेक्षा कमी मोजू नये, हा त्याचा अर्थ.

आणि निर्गमाच्या पुस्तकात तर एक प्रसंग असा आहे की आमच्या कोणत्याही समितीने तो अनुभवलेला नसेल. निवासमंडपासाठी ज्याच्या त्याच्या अंतःकरणाने उचल घेतली त्याने आणावे, असे मोशे सांगतो. लोक रोज सकाळी आणतच राहतात. शेवटी कारागीर येऊन सांगतात की कामाला लागते त्याहून जास्त झाले. मग मोशे छावणीत दवंडी पिटवतो की आता आणू नका. ‘पुरे’ म्हणणारा पुढारी! आपण ‘अजून कमी पडते आहे’ अशाच दवंड्या ऐकत मोठे झालो.

दोन मुले आणि बाप

आता पुन्हा त्या दाखल्याकडे या. धाकट्याची खुशी भुकेने बांधलेली होती, हे आपण पाहिले. तो शुद्धीवर येतो, आणि घरी जाताना बोलायचे शब्द जुळवतो : मला आपल्या मजुरांतल्या एकासारखे ठेवा. हा करार आहे. कमी दर्जावर राजी होण्याची तयारी आहे. पण बापापुढे आल्यावर ते शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. बाप झगा, अंगठी आणि जोडे मागवतो. मजुरीवर राजी असलेल्या मुलाला बाप तेवढ्यावर राजी होऊ देत नाही.

थोरल्याकडे आमचे लक्ष अधिक जाते, कारण तो आपल्यातला आहे. तो रोज शेतावर असतो. त्याने कधी आज्ञा मोडली नाही. पण चिडून तो बापाला जे बोलतो त्यात ग्रीकमध्ये ‘दासासारखी चाकरी केली’ अशा अर्थाचे क्रियापद आहे. इतकी वर्षे तो मुलगा म्हणून नव्हे, वेठबिगार म्हणून राबला होता, आणि ते बापाला ठाऊक नव्हते. घरात गाणे-नाचणे सुरू झाले त्या दिवशी ते बाहेर आले. प्रत्येक पॅरिशमध्ये असे थोरले भाऊ आणि थोरल्या बहिणी आहेत. वीस वर्षे मेणबत्त्या लावतात, फुले आणतात, हिशेब लिहितात, आणि आत कुठेतरी कडू झालेले असतात. त्यांना दोष देऊ नये. त्यांना कधी कोणी विचारलेच नाही की हे तुम्ही खुशीने करता का.

या सगळ्या दाखल्यात खुशीने, मोकळेपणी, हौसेने काही करणारा एकच आहे : धावत सुटलेला म्हातारा बाप. तोच पुढे थोरल्याची समजूत घालायलाही अंगणात येतो.

ग्रीकमध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. धाकट्याला शेंगांची जी इच्छा झाली, त्या इच्छेचे क्रियापद लूक पुन्हा एकदा वापरतो. शेवटच्या भोजनाला बसताना येशू शिष्यांना सांगतो की दुःख भोगण्याआधी हे वल्हांडणाचे भोजन तुमच्याबरोबर करण्याची मला फार फार इच्छा होती. तेच क्रियापद. दूर देशातल्या मुलाला जशी डुकरांच्या शेंगांची भूक, तशी प्रभूला आपल्याबरोबर जेवायला बसण्याची भूक. मिस्सेला आपण कोणत्या मनाने येतो याचा विचार आपण करतो. तो कोणत्या ओढीने येतो, याचाही करावा.

मरियेचा ‘हो’

कोणी म्हणेल, मरियेने तर नुसते मान्य केले. तसे नाही. देवदूताला ती जे उत्तर देते त्यात ग्रीक क्रियापदाचे रूप इच्छा व्यक्त करणारे आहे. गेथशेमानेत येशू पित्याची इच्छा पूर्ण होवो म्हणतो, तिथले रूप वेगळे आहे, आज्ञार्थी आहे. मराठीत दोन्हींना ‘होवो’ हे एकच रूप पुरते, म्हणून फरक दिसत नाही. मरियेचे ‘होवो’ म्हणजे ‘बरे, होऊ दे’ असा सुस्कारा नव्हे, ‘असे घडावे’ अशी आस आहे. जपमाळेच्या पहिल्या रहस्याला आपण आनंदाचे रहस्य का म्हणतो, ते यावरून कळते.

आपल्या मराठी भाषेचे आणि या विषयाचे एक नाते गोव्यातही आहे. इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि पुन्हा मायदेशी गेले नाहीत. ‘फेन’ हा शब्द ज्या पिढीच्या रोजच्या बोलण्यात होता त्या पिढीचे ते. किंग जेम्स बायबल १६११ सालचे. त्यानंतर पाचच वर्षांनी, १६१६ साली, स्टीफन्सांचे क्रिस्तपुराण रायतूरला छापून निघाले. आपली भाषा मागे ठेवून त्यांनी लोकांच्या भाषेत ओव्या रचल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे सोप्या मराठीतल्या बायबलसाठी घालवली. ते त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण स्वरूपात निघाले. एवढी वर्षे एका कामाला जुंपून घेणारे लोक नुसते राजी असून भागत नाही.

मग आपण काय करावे?

आमचे म्हणणे थोडक्यात हे. मिस्सेनंतर नावे पुकारून कामे वाटणे बंद करावे. कोणाला वाचनाला, गायनाला, आजाऱ्यांच्या भेटीला बोलवायचे असेल तर त्याच्या घरी जावे, एकट्याला विचारावे, आणि ‘आठ दिवसांनी सांगा’ म्हणावे. जो ‘नाही’ म्हणेल त्याच्याशी पुढच्या रविवारी तितक्याच मायेने बोलावे. त्याचा ‘नाही’ गावभर करू नये. काम दिले तर मुदत घालून द्यावे, एक वर्ष म्हणा, आणि वर्ष संपल्यावर आभार मानून पुन्हा विचारावे. सणाच्या वर्गणीची यादी रकमांसह वाचून दाखवू नये, फळ्यावरही लावू नये. पन्नास रुपये देणाऱ्या विधवेची मान त्या यादीने खाली जाते, आणि पाच हजार देणाऱ्याचा डावा हात उजव्याकडे पाहू लागतो. खर्च भागला की मोशेसारखे ‘पुरे’ म्हणावे.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आपली मंडळी लहान. मराठी मिस्सेला येणारी घरे मोजकी, तरुण पोरे नोकरीला पुण्या-बेंगळुरूकडे. खुशी उगवण्याची वाट पाहत बसलो तर देऊळ झाडणार कोण? आजारी म्हातारीला पवित्र कम्युनियन मिळावे म्हणून फादरांना सांगणार कोण? भीड घातली नाही तर काहीच होणार नाही.

याला आमचे उत्तर दोन प्रकारचे. पहिले असे, की खुशी म्हणजे मौज वाटणे नव्हे. गेथशेमानेत येशूला मौज वाटत नव्हती, घाम रक्तासारखा गळत होता. तरी तो ‘हो’ त्याचाच होता. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो, असे तो योहानाच्या शुभवर्तमानात सांगतो. पहाटे उठून देऊळ झाडणाऱ्या बाईला कंबर दुखताना आनंद होत नसेल, पण तो निर्णय तिचा असेल तर तिथे खुशी आहे. मत्तयाने सांगितलेल्या दोन मुलांपैकी जो आधी ‘नाही’ म्हणाला तोच अखेर मळ्यात गेला. ‘हो’ म्हणणारा गेलाच नाही. प्रामाणिक ‘नाही’तून खरा ‘हो’ निघू शकतो. भिडेच्या ‘हो’तून बहुधा रिकामी खुर्ची निघते, हे प्रत्येक गायनमंडळाला माहीत आहे.

दुसरे असे, की वेठीलाही देव वाया जाऊ देत नाही. कुरेनेकर शिमोन जबरदस्तीने क्रूसाखाली आला. पण मार्क त्याची ओळख करून देताना त्याच्या मुलांची नावे घेतो, आलेक्सांद्र आणि रूफ. ज्यांच्यासाठी मार्क लिहीत होता त्या मंडळीला ही मुले ओळखीची असावीत, एरवी नावे घेण्याचे कारण काय? म्हणजे वेठीने उचललेला क्रूस त्या घरात राहिला असे दिसते. आपल्यातही कित्येक जण आईबापांनी कान धरून देवळात आणलेले आहेत, आणि आज आपल्या मनाने येतात. पण शिमोनाला खुशी झाली असेल तर ती ख्रिस्ताच्या सहवासाने. सैनिकाने भाल्याने टोचले म्हणून नव्हे. आपण सैनिकाचे काम करू नये.

आपली ख्रिस्तसभाही हेच सांगते. लग्नाच्या वेदीपाशी वर-वधूला आधी विचारले जाते की तुम्ही मोकळ्या मनाने, दबावाशिवाय आला आहात ना. १९८३ सालच्या धर्मनियमावलीत स्पष्ट आहे की जबरीने किंवा गंभीर भीतीपोटी केलेले लग्न वैध ठरत नाही. याजकपदासाठीही कोणाला भाग पाडण्यास मनाई आहे. श्रद्धेची तर गोष्टच नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सांगितले की विश्वास हा मोकळाच असतो. संस्कारांना जर राजीखुशी लागते, तर वाचकांच्या यादीला आणि वर्गणीच्या डब्याला ती नको का?

अग्रिप्पा राजाला पौलाने काय उत्तर दिले ते आठवा. थोड्याने असो की फाराने, तुम्ही सगळे माझ्यासारखे व्हावे अशी माझी देवाजवळ मागणी आहे. फक्त या बेड्या सोडून. दुसऱ्याने ख्रिस्ताकडे यावे ही ओढ असावी, आणि त्याच्या हातात बेडी पडू नये ही काळजीही असावी. आम्हां धर्मशिक्षकांनी तरी हे उत्तर रोज म्हणावे.

येत्या रविवारी आपल्याला कोणी काही काम विचारले, तर लगेच मान डोलावू नका. घरी जा, देवापुढे बसा, आणि स्वतःला विचारा : राजी आहे, पण खुशी आहे का? खुशी असेल तर दुसरा मैलही जड जाणार नाही. नसेल तर तेही त्यालाच सांगा. मजूर म्हणून यायला निघालेल्या मुलाला ज्याने मजूर होऊ दिले नाही, तो बाप तुमचे ‘नाही’ ऐकूनही अंगणात तुमच्याशी बोलायला येईल.

प्रभू आपणा सर्वांना मोकळे अंतःकरण देवो. आमेन.